भुलाबाईची चाल आणि आमचा संगीतकार

आमच्या वलगावचा यशोधन स्वतःच गाणी लिहितो, गातो आणि एका सिनेमाला संगीत दिल्यापासून मानेला मफलर गुंडाळतो. अमरावतीत झालेल्या त्याच्या सत्कारात दुसऱ्या सिनेमाच्या आशेने त्याने समोर बसलेल्या एका निर्मात्याला ऐकवलं, "ही चाल मला सेमाडोहच्या जंगलात सुचली." मग डोळे मिटून पहिली ओळ गायला. मागे बसलेल्या गावच्या बायकांनी टाळ्या धरून उरलेलं गाणं त्याच चालीवर पूर्ण केलं. भुलाबाईच्या सणात मूर्तीसमोर त्या लहानपणापासून हेच गाणं म्हणत आणि शेवटी खिरापत वाटत आल्या होत्या.

त्याची काकू पार्वताबाई म्हणाली, "गानं झालं बापू, आता खिरापत वाट. का ते बी आमीच आनाची?"

निर्माता हसत उठला आणि सिनेमाचं नावही न काढता निघून गेला. यशोधनने लगेच फेसबुकवर टाकलं, 'माझं गाणं बायकांना तोंडपाठ!'