अंबडच्या टेकडीवरचं लाल औषध

आमचे साडू नानासाहेब सहा महिने फ्रान्सला यंत्रं शिकायला गेले आणि वाइन शिकून आले. तेव्हापासून त्यांच्या घरात कुठलीही गोष्ट सरळ पोटात जाईनाशी झाली. ताक आधी हुंगायचं, आमटी जिभेवर घोळवायची, आणि कोकमाच्या सरबताला "सुरुवात छान, पण चव टिकत नाही" असा शेरा मारायचा. पुण्यात दारूबंदी, त्यामुळे त्यांचं हे ज्ञान खरं की खोटं ते पडताळायची सोय कुणालाच नव्हती.

अशात त्यांच्या कचेरीतल्या एका जालनेकरानं सांगितलं की अंबडच्या बाजूला डोंगरावर एक शेतकरी काळ्या द्राक्षांची वाइन करतो, तीही विलायती खताचा कण न वापरता. नानासाहेबांनी तडक निरोप धाडला, 'फ्रान्सला शिकलेले जाणकार येत आहेत.' मला बरोबर घेतलं, कारण वळकटी उचलायला कुणीतरी हवंच होतं.

कुणाला जायचं असेल तर सांगून ठेवतो. मनमाडला गाडी बदलावी लागते आणि पुढची छोटी गाडी निवांत चालते, तेव्हा डबा भरपूर घ्या. वाटेत बदनापूरला गरम भजी मिळाली, ती मात्र झकास होती. नानासाहेबांनी ती हुंगली नाहीत, सरळ खाल्ली. जालन्याहून अंबडला मोटार आहे. टपावर कोंबड्या आणि आत आपण असा प्रवास होतो, आणि उतरल्यावर दोघांच्याही अंगावर धूळ सारखीच असते.

अंबडहून बैलगाडी केली. बराच वेळ गेल्यावर नानासाहेबांनी गाडीवानाला विचारलं, "पर्वत कधी लागेल?"

"लागला की साहेब. त्याच्यावरच तं चढून राह्यलो."

पाहिलं तर आमच्या पर्वतीनंसुद्धा हसावं एवढी टेकडी. नानासाहेबांनी मात्र रुमालानं कपाळ पुसून "हवा विरळ झाली" असं जाहीर केलं.

बागेचा मालक ज्ञानोबा. जातीनं मेंढपाळ, बापाच्या वेळेपासून शेतकरी. निजामाच्या काळात कालव्याच्या कामावरच्या एका गोऱ्या साहेबानं त्याच्या बापाला ही वाइन शिकवली होती. वेलांच्या मधून चुलतभावाच्या मेंढ्या बसवल्या होत्या.

"विलायती खत नाकारलंत, हे तुमचं तत्त्व फार थोर आहे," नानासाहेब म्हणाले.

"तत्त्व कशाचं साहेब? पोतं इथवर आणून कोण देऊन राह्यलंय? भेटलं तं आजच टाकीन. तवर मेंढ्यायच्या लेंड्या हायत."

ज्ञानोबाच्या बायकोनं, सखूबाईनं, ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि असा ठेचा वाढला की नानासाहेबांची जाणकार जीभ पाण्याच्या तांब्यातच राहिली. जेवण झाल्यावर ज्ञानोबा हळूच बोलायला लागला. मराठवाडा मुंबई राज्यात गेल्यामुळे आता इकडेही दारूबंदी येणार होती. अबकारी खात्याचा जमादार येऊन रांजण बघून गेला होता. दारू ठरली तर रांजण फुटणार आणि बागही उपटावी लागणार, कारण खडकावरची ही आंबट द्राक्षं कुणी फुकटसुद्धा खात नाही. औषध ठरलं तर बदनापूरचे वैद्य सगळं घ्यायला तयार होते.

"म्या जमादाराला सांगितलं, पुण्याहून मोठे औषधवाले साहेब येऊन राह्यले, तेच सांगतील," ज्ञानोबा म्हणाला. "तो उद्या येतोय."

"औषधवाले?" नानासाहेब म्हणाले.

"सासऱ्यानं हातानं लावलेली बाग हाय, दादा," सखूबाई म्हणाली. "औषध हाय म्हणा. एवढंच म्हणा."

रात्रभर नानासाहेब कूस बदलत होते. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली, तो आला आणि त्यात खोटं बोलायचं! शिवाय वाइन ओळखता आली नाही अशी नोंद सरकारदरबारी होणार. मला मनातून गंमत वाटत होती, हे कबूल करतो.

सकाळी वडीगोद्रीकडून जमादार सायकल रेटत आला. मिशा, दमलेले डोळे, हातात काठी. काठीनं रांजण ठोकून म्हणाला, "बोला साहेब. दवा हाय का दारू? बराबर सांगा. मला पुढं बी जायचंय."

सखूबाईनं फुलपात्र भरून दिलं. नानासाहेबांनी ते उजेडात धरलं नाही, फिरवलं नाही, हुंगलंही नाही. एक घोट घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग एकाएकी तोंड वाकडं करून ते म्हणाले, "औषध. कमालीचं उग्र औषध. पोटाच्या रोग्यालाच द्यावं, धडधाकट माणसाला सोसणार नाही."

"डोळ्यांला पाणी आलं तवाच म्या समजलो," जमादार म्हणाला आणि सायकलीवर बसला. सखूबाईनं भुईला हात लावून नमस्कार केला.

उरलेलं मी प्यायलो. मला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही. पण ते तोंडात गेलं आणि वाटलं, नानासाहेब इतकी वर्षं जे बडबडत होते ते खरंच कुठेतरी असतं की! त्या दिवशी पहिल्यांदा मला हा माणूस मनापासून आवडला.

परत येताना ज्ञानोबानं दोन बाटल्या दिल्या आणि वाटेत कुणी अडवू नये म्हणून त्यांवर 'औषध' अशी चिठ्ठी चिकटवली. पुण्यात आक्कांनी, म्हणजे नानासाहेबांच्या बायकोनं, ती वाचली. कशावरचं, म्हणून विचारलं. खरं सांगितलं असतं तर दारू घरात आणली म्हणून बाटल्या मोरीत रिकाम्या झाल्या असत्या. नानासाहेब म्हणाले, "पोटावरचं."

सहल कशी झाली, असं लोक विचारतात. बाग उभी आहे, वैद्य माल नेतात, असं जालनेकर सांगतो. टेकडी चढायला सोपी आहे, ठेचा जपून खावा. मी परवा साडूंकडे जेवायला गेलो होतो. पानं उचलल्यावर आक्कांनी बाटली काढली, वाटीत दोन चमचे ओतले, तेवढंच पाणी घातलं, वर गुळाचा खडा टाकला आणि बोटानं ढवळून नवऱ्यापुढे धरलं. नानासाहेबांनी डोळे मिटून ते घेतलं.

"फार कडू लागतं का हो?" आक्कांनी कळवळून विचारलं.

"फार," नानासाहेब म्हणाले.