पाठमोरी बाई

माझा धाकटा भाऊ सिनेमे काढायचा. मालवणात त्याचं कोण कौतुक, आणि माझ्या मात्र पोटात दुखायचं. सरळ सांगते. उगाच साखर कशाला पेरत बसू?

त्याची सुरुवात झाली ती आमच्या देवळाच्या जत्रेतल्या नाटकात. तेव्हा बाईची कामंही पुरुषच करायचे. आम्ही बायकांनी बाजूला बसून बघायचं, एवढंच. भावाला अजून मिसरूड फुटलेलं नव्हतं, म्हणून नवरा दर्यात बुडालेल्या बाईचं काम त्याच्या गळ्यात पडलं. लुगडं नेसून हा असा काही गळा काढायचा की तालमीतली माणसं हसून लोळायची. घरी येऊन मला म्हणाला, "बाय, माका जमणा नाय गो. माझा हसा होतला."

मग मी त्याला मागच्या खळ्यात उभं केलं. आमच्या शेजारणीचा नवरा होडीसकट गेला, ती बातमी आली तेव्हा मी तिच्या घरातच होते. ती चुलीकडे तोंड करून बसली. पाठीवरचा पदर तेवढा बोटांनी गोळा करत राहिली. मी भावाला म्हटलं, "लोकांका तोंड दाखव नको. पाठ कर, पदर गोळा कर, आणि घाई करू नको." रोज संध्याकाळी, भात शिजेपर्यंत, हेच. चुकला की पाठीत धपाटा. जत्रेत त्या प्रवेशाला म्हातारे पुरुषसुद्धा डोळे पुसत होते.

मुंबईच्या एका पाहुण्याने ते बघितलं आणि भावाला आगबोटीत घालून नेलं. त्याच वर्षी मला धामापूरला दिली.

तिकडे त्याने पडेल ते काम केलं, हे मी नाकारत नाही. आधी शूटिंगची पाटी वाजवणं, नट्यांवर छत्र्या धरणं. मग सहायक, मग कोणाचा तरी उजवा हात. साठ सालानंतर केव्हातरी दिग्दर्शक म्हणून त्याचं नाव पडद्यावर आलं. इकडे मी भात लावत होते, काजू भाजत होते आणि त्याच्या प्रत्येक बढतीला शेजारणींना लाडू वाटत होते. हसून वाटायचे हो. आतून जळायचे.

सावंतवाडीला त्याचा सिनेमा लागला तेव्हा आम्ही नवराबायको एसटीने गेलो. त्यात नवरा मेल्याची बातमी येते. नटी चुलीकडे वळली, पाठमोरी बसली आणि बोटांनी पदर गोळा करायला लागली. आमचे हे कानाशी लागून म्हणाले, "तुझ्या भावाचा डोक्या बघ." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या डोक्यात ते घातलं कोणी?

मला त्याचा पैसा नको होता की मुंबई नको होती. "ह्या माका बायन शिकवल्यान," एवढं त्याने चार माणसांत एकदा म्हणावं, बस्स. त्या एका वाक्यासाठी मी चतुर्थीपर्यंत दिवस काढले.

चतुर्थीला तो माझ्याकडे जेवायला आला. जेवणं झाल्यावर शेजारपाजार ओटीवर पान खात बसला होता. मी मुद्दाम सगळ्यांच्या देखत विषय काढला. "तो पाठमोऱ्या बायलेचो भाग बरो होतो हां."

स्वारी खूश झाली. उठून त्याने खांद्यावरच्या पंच्याचा पदर केला आणि मला, मला, दाखवायला लागला. "बघ बाय, रडणाऱ्या बायलमाणसाचा तोंड दाखवूचा नाय. पाठ दाखवूची. बोटांका घाई करूक देवची नाय. समाजला?"

"समाजला," मी म्हटलं. "कोणी शिकवल्यान रे तुका?"

तो खरोखर विचारात पडला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मग त्याने मान हलवली. "कोणी नाय गो. ह्या शिकवून येणा नाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तो खोटं बोलला असता तर मी तिथल्या तिथे त्याचा कान धरला असता. पण त्याला खरंच काही आठवत नव्हतं.