वाणात गेलेली पोस्टरं

मावशीची पोस्टरं मी पाहिली त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांच्यावर झोपत होते. मुनिरक्यातल्या माझ्या खोलीचं पाणी गेलं की मी आंघोळीला पटपडगंजला तिच्याकडे जायची आणि जेवून तिच्या दिवाणावर आडवी व्हायची. दिवाणाच्या पोटात सिनेमे भरलेत याचा मला पत्ता नव्हता.

मी दिल्लीत आले कलेक्टर व्हायला. आता भाडेकरूंच्या बाजूने पत्रकं लिहिते. घरमालक, दलाल, विजेचं बिल, कशावरही माझा राग तयार असतो, फक्त विषय मिळायची खोटी. तो विषय गेल्या हिवाळ्यात मावशीने दिला.

काका गेल्यापासून ती एकटी. मुलाने गुडगावला मोठं घर घेतलं आणि बोलावलं: "आई, तुझी खोली रेडी आहे. फक्त ते कबाड आणू नकोस, प्लीज." कबाड म्हणजे पोस्टरं. मावशीने सगळी नोकरी चांदनी चौकातल्या एका सिनेमा वितरकाच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून केली. सिनेमा पडला की उरलेल्या पोस्टरांत तिथले लोक जेवणाचे डबे गुंडाळायचे. मावशी त्यातली बरी निवडायची, गुंडाळी करून बसने घरी आणायची आणि जुन्या सुती साडीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवायची. हंटरवाली बाई, निळ्या मिशांचा डाकू, कोपऱ्यात उगाच एक हेलिकॉप्टर. सगळे पडलेले सिनेमे, आणि सगळी पोस्टरं करकरीत.

मेहरौलीतल्या एका गॅलरीवाल्याने ती ठेवून घेतली. अट अशी, की विकलं तर अर्धे पैसे त्याचे, आणि विकायच्या आधी फाटलं किंवा भिजलं तर नुकसान पूर्ण आमचं. मी म्हटलं, "हा घरमालकच आहे, फक्त भिंती पांढऱ्या." मावशी म्हणाली, "गप. माणूस चहा चांगला देतो."

काही आठवड्यांनी आम्ही बघायला गेलो. हंटरवाली काचेच्या फ्रेममध्ये होती, वर पिवळा दिवा. खाली इंग्रजीत कार्ड: आमच्या टीमने जुन्या दिल्लीच्या कबाडातून वाचवलेला ठेवा. मावशीने चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"टीम कुठली?" ती मला म्हणाली. "बसमध्ये बगलेत गुंडाळी धरून मी एकटीच उभी असायचे."

मग त्याच्याकडे वळून, "भाईसाब, यह मैंने रखा है. मेरे घर में."

"अरे आंटीजी, वह तो बस स्टोरीटेलिंग है. कस्टमर को स्टोरी चाहिए."

"तो मेरी लिखो ना!"

"आपकी ना..." त्याने योग्य शब्द शोधला, "थोडी सिंपल है."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशीने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "उतारो. सब." त्याला वाटलं आंटीजी रुसल्यात, म्हणून त्याने चहा मागवला. या वेळी आम्ही तो प्यायलो नाही. शेवटची फ्रेम उघडेपर्यंत तिथेच उभ्या राहिलो.

परतताना ऑटोत गुंडाळ्या मांडीवर घेऊन ती म्हणाली, "पैशाचं सोड गं. मुलगा कबाड म्हणतो, हाही कबाड म्हणतो. कोणी सांभाळली ते लिहिलेलं पाहिजे मला. बस."

लिहायचं? हे तर माझंच खातं. त्याच आठवड्यात मी पत्रक छापून आणलं. 'हे पोस्टर कबाडातून आपोआप उडून आलेलं नाही!' अशी सुरुवात, मग मावशीचं पूर्ण नाव, तिची बस, तिची साडी, तिचा कडुनिंब आणि शेवटी दलालांचा धिक्कार. (इथे तिचं नाव नाही. पत्रकात छापलं तेवढं पुरे, असं तिचंच म्हणणं.)

विकायचं कुठे? संक्रांत आली होती. मावशीने ठरवलं होतं, या घरातलं शेवटचं हळदीकुंकू आणि त्याला सगळ्यांना बोलवायचं. नवरा गेलेल्या, लग्न न केलेल्या, शेजारच्या वसईच्या ख्रिस्ती काकूसुद्धा. हळदीकुंकवाविरुद्ध मी एकदा पत्रक काढलं होतं. या पाहुण्यांच्या यादीने माझी पंचाईतच केली. तरी म्हटलं, बायका येणारच आहेत, घरटी पगार आहे, भिंती मोकळ्या आहेत. तिथेच विकू.

"घरी आलेल्या बाईला विकायचं?" मावशी.

"स्टॉल समज ना यार."

प्रत्येक गुंडाळीला मी पत्रक बांधलं आणि टोपली दारापाशी ठेवली, कुंकवाच्या करंड्याशेजारी. किंमत मात्र कुठेच लिहिली नाही. पत्रकावर किंमत असते हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी आयुष्यभर कागद फुकट वाटलेत. तोंडी सांगू म्हटलं, तर मावशीने मला मसाला दूध ढवळायला स्वयंपाकघरात पिटाळलं.

बाहेरून आवाज आला, "अय्या, यंदाचं वाण किती वेगळं! नाहीतर दरवर्षी ते प्लॅस्टिकचे डबे!"

मी डाव घेऊनच बाहेर धावले. मानेसरहून आलेल्या एका काकूंनी हंटरवाली उघडून जावेला दाखवायला घेतली होती. मी म्हटलं, "काकू, ते वाण नाहीये, ते..." मावशीने माझ्याकडे पाहिलं. मग काकूंच्या हातातल्या पत्रकाकडे. काकू ते मोठ्याने वाचत होत्या, तिचं नाव, तिची बस, सगळं.

"म्हणजे तुम्ही एकटीने आणलीत ही?" काकू म्हणाल्या. "त्या ब्लूलाइन बसच्या गर्दीत?"

"त्याच्याही आधीपासून," मावशी म्हणाली. आणि तिने कुंकवाचं बोट पुढे केलं. "तिळगूळ घ्या. हिला तेवढं ऊन लागू देऊ नका."

पुढचं मी सांगायलाच नको. टोपली रिकामी झाली. वसईच्या काकूंनी डाकू मागून घेतला. मी स्वयंपाकघरात तणतणत होते, "अगं, निदान अर्धे पैसे तरी मिळाले असते!" मावशी शांतपणे उरलेले तिळाचे लाडू डब्यात भरत होती.

"कुंकू लावल्यावर पैसे कसे मागायचे, ते तुझ्या पत्रकात घाल पुढच्या वेळी."

आता ती गुडगावला असते. हळदीकुंकवाच्या बायकांच्या ग्रुपवर द्वारका, नोएडा, फरिदाबादहून भिंतींचे फोटो येतात. मानेसरच्या काकूंनी हंटरवालीबरोबर पत्रकही फ्रेम केलंय. तो फोटो मावशीने दोन बोटांनी मोठा केला, आपल्या नावापर्यंत, आणि मुलाला हाक मारून दाखवला. तो बराच वेळ वाचत राहिला. "मग एखादं ठेवायचंस ना इथे," म्हणाला.

"तू कबाड म्हणालास," ती म्हणाली आणि फोन परत घेतला.

परवा मेहरौलीवाल्याचाही फोन आला. हंटरवालीला गिऱ्हाईक मिळालंय. मावशीने मानेसरचा पत्ता सांगितला आणि वर बजावलं, "कार्ड पढके जाना. दीवार पे ही लगा है."