पावणेसहाची चितळं

आईचा फोन आला तेव्हा मी अंधेरीच्या ऑफिसात होते. "आजो गेले गं," ती म्हणाली. "आत्ता पावणेचारला. झोपेतच." पावणेचार म्हणजे चारला पंधरा मिनिटं कमी, हे मला लगेच कळलं. दोन-अडीच महिन्यांपूर्वी कळलं नसतं... आजोंबद्दल लिहायचं तर मला ही लाज आधी सांगावी लागेल.

आजो म्हणजे आईचे वडील. शेवटची नऊ वर्षं ते दिंडोशीला आमच्याकडे होते. आमच्या इमारतीच्या मागे भिंत आहे आणि भिंतीपलीकडे जंगलाचा उतार. संध्याकाळी तिथे चितळं उतरतात. सहाव्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत आजो चार वाजल्यापासून खुर्ची टाकून बसायचे आणि चितळ दिसलं की घड्याळ बघून वहीत लिहायचे : आधी जागा, मग किती, मग वेळ. पाहुणे विचारायचे, "आजोबा, टीव्ही नाही बघत?" ते म्हणायचे, "ह्या काय मगे?"

ही सवय गावच्या पारधीतली. तरुणपणी मिलमधून सुट्टी घेऊन ते गावी जायचे, तेव्हा भात कापून झालं की गावातले पुरुष शिकारीला रानात शिरायचे. आजोंचा नेम इतका वाईट होता की त्यांच्या हातात बंदूक द्यायला कुणी तयार नसे. पण मनगटी घड्याळ फक्त त्यांच्याकडे होतं. म्हणून त्यांना पाण्याच्या वरच्या अंगाला एका कातळावर बसवलं जाई. भेकर कुठल्या वाटेने आणि किती वाजता पाण्यावर येतं, सांबर किती वाजता, हे तीन-चार दिवस लिहायचं, आणि मग बंदूकवाले त्या वेळेच्या आधी तिथे जाऊन बसायचे. "हरणाक घड्याळ नसता, पण टायम असता," असं ते सांगायचे. मी एकदा विचारलं होतं, तुम्हाला वाईट नाही वाटायचं? ते म्हणाले, "वाटायचा. पण मटणाचो वाटो मी पण घेतलंय गो. खोटा कशाक बोलू?" पुढे कायदा आला, पारध बंद झाली. वेळा लिहायचं मात्र त्यांनी सोडलं नाही.

तीन वर्षांपूर्वी त्यांचा हात थरथरायला लागला आणि वही माझ्याकडे आली. मी क्लासवरून सात वाजता घरी यायचे. तोवर ते आकडे डोक्यात धरून बसलेले असायचे. "लिव चेडवा. भिंतीकडे, चार, पावणेसहा." मी लिहायचे, 6:15. शाळा इंग्रजी. पाव म्हणजे चौथा हिस्सा एवढं ठाऊक होतं, म्हणून पावणेसहा म्हणजे सहा आणि वर पाव, असा माझा हिशोब; सव्वासहालाही मी तेच लिहायचे. विचारायची मला लाज वाटायची. घरात सगळे हसले असते... बहुतेक आजो सोडून.

गेल्या दिवाळीनंतर त्यांनी मला मागच्या हिवाळ्याची पानं वाचून दाखवायला सांगितली. मी वाचलं, "सिक्स फिफ्टीन." ते म्हणाले, "सहा वाजून पंधरा? परत वाच." मी पुन्हा वाचलं, पुढचं पानही वाचलं. बऱ्याच ठिकाणी तेच. ते बाहेरच्या उताराकडे बघत राहिले. "थंडीत त्या टायमाक थयसर झाडांखाली काळोख असता गो," ते म्हणाले. "मगे माका चितळ दिसला कसा?"

त्या दिवसापासून ते गप्प झाले. चितळं दिसली तरी सांगेनात. स्वयंपाकघरात आईला हळूच म्हणाले, ते मी ऐकलं, "माका नसलेला दिसता वाटता." आईने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या मोठ्या भावाचं शेवटी असंच झालं होतं, नसलेली माणसं दिसायची, त्यामुळे दोघंही घाबरले होते. वहीवर संशय कुणालाच आला नाही. माझं अक्षर फार सुंदर आहे.

डिसेंबरात ऑफिसमधल्या बाईंनी मला सांगितलं, पावणेबाराला मीटिंग आहे. मी बरोबर सव्वाबाराला गेले. "काय गं, जेवून आलीस काय?" त्या म्हणाल्या. "पावणे म्हणजे पाऊण तास झालेला असतो, बाई माझे. अकरा पंचेचाळीस." सगळे हसले, मीही हसले, आणि जागेवर येऊन बसल्यावर मला वहीतली 6:15 आठवली.

घरी जाईपर्यंत मी वाक्य जुळवत होते. सांगितलं तेव्हा एकदम सगळं बोलून टाकलं. "आजो, मला पावणे येत नव्हतं. पावणे असेल तिथे मी अर्धा तास जास्त लिहिलाय." आई दारातून म्हणाली, "तीन वर्षं? वाट लावलीस गं." आजोंनी दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं आणि विचारलं, "म्हणजे माझा डोक्या ठीक असा?"

मी हो म्हणाले. त्यानंतर ते जे हसले, तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला एक शब्द रागाचा नाही.

मी खोडरबर आणायला उठले तर म्हणाले, "खोडू नको. पारधीत कोण खोडत नाय. बाजूक लिव." मग रोज संध्याकाळी आम्ही एकेक पान घेऊन बसायचो. हिवाळ्यातली पानं सोपी होती, सव्वासहाला तिथे झाडांखाली चितळ दिसण्याइतका उजेडच नसतो. तरीही ते प्रत्येक वेळेची साक्ष काढायचे. "त्या दिवशी तुझ्या आवशीन आंबोळ्यो केल्ल्यो. पावणेसहाच." आईला विचारलं की ती म्हणायची, "हो रे देवा, केल्या होत्या." ते विजयी मुद्रेने माझ्याकडे बघायचे. त्यांना आठवत होतं, सगळं आठवत होतं, आणि ते आम्हा दोघींना दाखवून देण्यात त्यांचे दोन महिने फार सुखात गेले.

उन्हाळ्याची पानं तेवढी राहिली. उन्हाळ्यात दोन्ही वेळांना उजेड असतो. कुठली 6:15 खरोखरची सव्वासहा आणि कुठली पावणेसहा, हे फक्त तेच सांगू शकले असते. त्या पानांवर मी दोन्ही वेळा लिहून ठेवल्या आहेत. आता ऊन वाढलंय. घरून काम असतं त्या दिवशी मी साडेपाचला मागच्या खोलीत त्यांच्या खुर्चीत जाऊन बसते, आणि साडेसहा होईपर्यंत उठत नाही.