अंधाऱ्या गिरणीचा फोटो

सईद मुकादम कुवेतहून परत आला तेव्हा त्याच्या बॅगेतून फारसं काही निघालं नाही. लढाई सुरू झाल्यावर खोलीतलं सगळं सामान तिथंच टाकून तो बसने वाळवंट ओलांडून जॉर्डनला गेला होता आणि तिथून विमानाने मुंबईला. अंगावरच्या कपड्यांशिवाय एक ब्लँकेट आणि एक जपानी कॅमेरा एवढंच रोह्याच्या घरी पोचलं. कॅमेरा त्याने खोलीतल्या सोबत्याकडून जुना म्हणून विकत घेतला होता.

"फ्लॅश मात्र राह्यला तिकडं," तो बायकोला म्हणाला. "आता उन्हात उभं करून काढायचे फोटो. घरात काय येणार नाय."

अमीनाला कुठलीही वस्तू हातात आली की ती आधी उलटी करून बघायची सवय होती. शिलाई मशीन तिने एकदा तेल घालायला म्हणून उघडलं आणि पार शेवटच्या स्क्रूपर्यंत सोडवून परत जोडलं होतं. कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक चकती होती. तिच्यावर हजार, पाचशे असे आकडे उतरत उतरत एकपर्यंत येत आणि एकच्या पुढे इंग्रजी बी लिहिलेला.

"हा बी कसला?"

"बंद असंल," सईद म्हणाला आणि कूस बदलून झोपला. आल्यापासून तो फार झोपत असे.

अमीनाने चकती बीवर आणून बटण दाबलं. खट् झालं, पण पुढचा आवाज आला नाही. बटण सोडल्यावर पुन्हा खट् झालं. म्हणजे बंद नव्हे. उलट, बोट काढेपर्यंत उघडंच. पण उघडं ठेवून फायदा काय, हे तिला कळेना. ती दिवसभर भाकऱ्या थापतानाही त्याचाच विचार करत राहिली.

जानेवारीत एका संध्याकाळी वीज गेली. अमीनाने कंदील लावला, कॅमेरा तांदळाच्या पिंपावर ठेवला, बीवर आणला आणि बटण दाबून धरलं. वीसपर्यंत मोजलं. तेवढ्यात तिची दहा वर्षांची मुलगी रुखसार पाणी प्यायला बॅटरी घेऊन खोलीतून आरपार गेली.

"अगं, मधे कशाला आलीस?" अमीना ओरडली. मग आणखी तीन फोटो तिने तसेच काढले.

रोल संपल्यावर ती पॅसेंजरने पेणला गेली. रंगीत रोल धुणारी लॅब तिथं होती. लॅबचा मालक दत्तात्रेय जाड भिंगाचा चष्मा लावणारा, कमी बोलणारा माणूस. त्याने पाकीट पुढे केलं.

"चार नाही आले भाभी. काळेच आहेत, म्हणून छापले नाहीत."

"छापा की. मला तेच बघायचेत."

दत्तात्रेयने तिच्याकडे एकदा बघितलं, मग निगेटिव्ह उजेडासमोर धरली. ती घेऊन तो मशीनकडे गेला. अर्ध्या तासाने त्याने चार कागद टेबलावर मांडले. पहिल्यात अमीनाच्या घरातली खोली होती. जरा हललेली, पिवळसर, पण फडताळातली भांडीसुद्धा मोजता येतील अशी. खोलीच्या मधून, कमरेच्या उंचीवर, उजेडाचा एक नागमोडी धागा या दारापासून त्या दारापर्यंत गेला होता. रुखसार कुठेच नव्हती.

"पोरगी होती इथं," अमीना म्हणाली. "चालत गेली माझ्यासमोरून. कुठं गेली?"

दत्तात्रेयला अशी गिऱ्हाइकं मिळत नसत. त्याने स्टूल पुढे सरकवलं.

"बी म्हणजे बल्ब. पूर्वी कॅमेऱ्याला रबरी फुगा असायचा, तो दाबून धरला की डोळा उघडा राहायचा. त्याचं नाव राहिलं. आता बघा, रोलवर जेवढा उजेड पडतो तेवढा तो साठवत जातो. तुमची मुलगी अंधारात होती आणि भरभर गेली, तिचा उजेड साठायला वेळच मिळाला नाही. बॅटरीचा मिळाला."

"मग भिंत आली ती?"

"भिंत हलली नाही."

परतीच्या गाडीत अमीना चारही फोटो पुन्हा पुन्हा काढून बघत होती. घरी रुखसारने फोटो बघितला आणि म्हणाली, "अम्मी, मी भूत झाले!" मग तिने आठ दिवस घरभर बॅटरी नाचवली. अमीनाने बटण धरायचं आणि रुखसारने अंधारात बॅटरीने आपलं नाव काढायचं, असा त्यांचा खेळ चालला. पुढच्या रोलमध्ये नाव आलं ते उलटं. दोघींनी आरसा आणून कारण शोधलं.

त्याच सुमारास वरसे गावातली गिरणी विकायचं ठरलं. ती भाताची गिरणी अमीनाच्या वडिलांची. ते वारल्यावर वर्षभर बंदच होती. भाऊ फैजल बहारीनला. त्याने गिरणी विकली. घेणारा पुढच्या महिन्यात यंत्रं उचलून नेणार होता. फैजलचं पत्र आलं: 'आतला एक फोटो काढून पाठव. मी लहानपणी कोंड्यात लोळायचो ती जागा सगळी दिसली पाहिजे.'

आता ती गिरणी म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. खिडकी एकच, तीही पोत्यांच्या थप्पीमागे. भर दुपारी आत गेलं तरी डोळे सरावेपर्यंत माणूस खांबाला धडकायचा. सईदने सांगितलं, रोह्यातला फोटोवाला बोलाव. फोटोवाला आला, फ्लॅश मारून गेला. त्याच्या फोटोत पुढचं पोतं पांढरंफटक आणि मागे सगळा काळोख.

अमीना पेणला धावली. दत्तात्रेयने सगळं ऐकून घेतलं.

"फ्लॅशचा उजेड दहा-बारा फुटांपलीकडे जात नाही. तुम्ही असं करा. कॅमेरा बीवर उघडा ठेवा आणि तुम्हीच आत जा. बॅटरीने एकेक भाग उजळा, भिंतीला चुना लावतात तसा. हात थांबवायचा नाही. बॅटरीचं तोंड कॅमेऱ्याकडे करायचं नाही."

"मी मधे मधे दिसणार नाय?"

"बघा करून." त्याने स्वतःचा लाकडी स्टँड आणि बटणाला लावायची एक तार दिली. तारेला छोटा स्क्रू होता. तो पिळला की बोट न लावता कॅमेरा उघडा राही. "मीही हे पुस्तकातच वाचलंय भाभी. जमलं तर मलाही दाखवा."

गिरणीत तिच्या मदतीला जनूकाका आला. जनू खाडीकडच्या गावचा आगरी. तीस वर्षं त्याने ते इंजिन चालवलं होतं. अमीना परकरात होती तेव्हापासून तो तिला ओळखत होता. फोटो काढायचा म्हणून त्याने पहाटेच येऊन गिरणी कोपऱ्या-कोपऱ्यातून झाडून काढली होती आणि अंगात धुतलेला सदरा घातला होता.

"मना खं बसवतंस गो बाय?"

"इंजिनाजवळ बसा. चाकावर हात ठेवा. मी सांगेपर्यंत हलायचं नाय."

"श्वास घेतला तर चालंल ना?"

पत्र्याच्या भोकांतून येणारं ऊन त्यांनी पोती लावून बुजवलं. सईदला तिने घड्याळ घेऊन कॅमेऱ्याजवळ उभं केलं. तो नाइलाजाने आला होता, पण आता त्यालाही उत्सुकता वाटू लागली होती. अमीनाने तार दाबून स्क्रू पिळला आणि बॅटरी घेऊन अंधारात शिरली. इंजिन झालं, पट्टा झाला, भात ओतायचं पत्र्याचं नसराळं झालं, मग भिंत. दहा मिनिटांनी ती घामाघूम होऊन बाहेर आली. असे सहा फोटो काढले.

पेणला ते कागद बाहेर आले तेव्हा तिचा चेहरा पडला. सगळीकडे धुकं पसरलेलं. जनूच्या पहाटेच्या झाडण्याने उडालेला कोंडा हवेतच तरंगत होता आणि बॅटरीचा झोत त्याने अडवला होता. जनूला दोन नाकं आली होती. आणि धुक्यात पाच ठिकाणी एक पांढरी ओढणी लोंबत होती, बाई नसलेली.

"ही मी!" अमीना म्हणाली.

"पांढरं थोड्या उजेडातही पकडतं. काळं घालून जायला हवं होतं," दत्तात्रेय म्हणाला.

अमीनाने मान खाली घालून स्वतःकडे बघितलं. प्रवासाला निघताना घातलेला काळा बुरखा तिच्या अंगावर होता. तिला हसू फुटलं. दत्तात्रेय आधी संकोचला, मग तोही हसला.

यंत्रं न्यायला तीन दिवस उरले होते. या खेपेला जनूने झाडू लावला नाही. आदल्या संध्याकाळी जमिनीवर पाणी शिंपडलं आणि दार लावून घेतलं. सकाळी अमीनाने एरवी फक्त प्रवासात घालायची तो बुरखा गिरणीत शिरताना घातला, हातात मोजेही चढवले. जनू बघतच राहिला.

"माज्यापासून लपतंस काय गो आता?"

"तुमच्यापासून नाय काका, कॅमेऱ्यापासून. तुम्ही डोकं मागं खांबाला टेकवा. मग नाक एकच येईल."

सईदने आपणहून मोजायला घेतलं. तो अंधारात आकडे म्हणत होता आणि त्या आवाजावर अमीना पुढे सरकत होती: पट्ट्याला तीस, चाकाला वीस, कोपऱ्यातल्या तुसाच्या ढिगाला चाळीस. जनूच्या तोंडावर तिने बाजूने उजेड धरला तो फक्त पाच मोजेपर्यंत. मधेच ती विसरून कॅमेऱ्यासमोरच उभी राहिली, मग सावकाश बाजूला झाली.

रोल द्यायला सईदही तिच्याबरोबर पेणला आला. दत्तात्रेयने मशीनमधून ओला कागद काढला आणि तिघंही त्यावर वाकले. गिरणी होती. सगळी होती. लांबच्या भिंतीवरचे चुन्याचे पोपडे, पट्ट्याला मारलेले टाके, छतापर्यंत चढत गेलेली लहान-मोठी चाकं, आणि मधोमध खांबाला डोकं टेकून बसलेला जनू. रंग बॅटरीमुळे पिवळसर होता. अमीनाचा कुठे मागमूस नव्हता.

सईदने कागदावर बोट न लावता जागा दाखवली. "इथं तू उभी होतीस. मी बघत होतो."

"व्हय."

"नायच आलीस!" तो पहिल्यांदाच मोठ्याने हसला. परत आल्यापासून अमीनाने त्याला असं हसताना ऐकलं नव्हतं.

जनूला फोटो दाखवला तेव्हा त्याने आधी स्वतःला बघितलंच नाही. तो वरच्या चाकांकडे बघत होता.

"ही तीन चाकं एका रांगेत हायेत?"

"तुम्हीच तेल घालायचात ना रोज?"

"हातानं घालायचो गो. हाताला ठाव हाय. डोळ्यांनी एकदम अशी कधी बघितली नव्हती." त्याने फोटो मागितला. अमीनाने त्याला वेगळी प्रत काढून दिली. फैजलला पाठवलेल्या प्रतीचं उत्तर महिन्याने आलं. त्यात फक्त, कोंड्याची जागा दिसली, आणखी दोन पाठव, एवढंच होतं. तोवर यंत्रं जाऊन शेड रिकामी झाली होती.

पुढे सईद पुन्हा नोकरीसाठी गेला, या वेळी दुबईला. कॅमेरा मात्र त्याने अमीनाकडेच ठेवला. बायकांच्या मेंदीला पुरुष फोटोवाला चालत नसे, म्हणून रोह्यातल्या घरांतून अमीनाला बोलावणी येऊ लागली. ती नवा फ्लॅश घेऊन तो वापरायला शिकली, पण सगळे फोटो झाले की नवरीला दोन मिनिटं दिव्यापाशी बसवून एक तरी बीवर काढायचीच. मुलींना तोच जास्त आवडायचा.

दत्तात्रेयने गिरणीचा फोटो लॅबच्या भिंतीवर लावला होता. पंचाण्णवच्या उन्हाळ्यात तो बघून हमरापूरच्या गणपतींच्या एका कारखानदाराने अमीनाला मूर्तींचे फोटो काढायला बोलावलं. फ्लॅशने मूर्तीचा रंग चकाकतो आणि डोळे मरतात, अशी त्याची तक्रार होती. कारखान्यात पुतळी नावाची बाई डोळ्यांची आखणी करायची. वीस वर्षं तेच काम. अमीना दार-खिडक्या लावून बॅटरी फिरवू लागली तशी पुतळी हातातला ब्रश पाण्यात टाकून जवळ आली. दोन फोटो काढून होईपर्यंत ती नुसती बघत राहिली.

"मी करू का गो एकदा?"

अमीनाने बॅटरी तिच्या हातात दिली, कॅमेरा उघडला आणि मोजायला लागली. पुतळीने खालून, डाव्या बाजूने, बारीक बारीक हात फिरवला. डोळे, सोंडेची एक कड, कानाचा थोडा भाग. पोटाकडे ती गेलीच नाही. अमीनाच्या तोंडावर आलं होतं, अगं मुकुट राहिला, पाय राहिले. पण ती मोजत राहिली. चाळीसला पुतळीने बॅटरी विझवली.

"झालं?"

"झालं."

तो फोटो धुऊन आला तेव्हा अमीनाने बाकीचे अकरा बाजूला ठेवले. काळोखातून गणपती बघत होता, आणि न दिसणारी सगळी मूर्तीही तिथं आहे असं वाटत होतं. चार वर्षं तिने जिथं जिथं अंधार सापडला तिथं तिथं उजेड पोचवला होता. काही भाग मुद्दाम सोडायचा, हे तिला कधी सुचलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात कुणी बोलावलं नसताना ती हमरापूरला गेली.

"कुठं सोडायचं ते कसं ठरवलंस?" तिने पुतळीला विचारलं.

पुतळी गोंधळली. "ठरवलं कुठं? मी जितं बघते तितं बॅटरी नेली." मग तिने न रंगवलेली एक मूर्ती पुढे ओढली आणि शेजारचं पोतं अंथरलं. "बस हितं. ही बघ, आणि सांग, तुजी नजर आधी कुठं जाते."

अमीना बसली आणि बघू लागली.