पोरीच्या पोटातलं दुखनं

आमच्या घरी पाळीतल्या बाईले चुलीपाशी जाऊ देत नाईत, पन कापूस वेचाले चालते. कापसाले इटाळ नाई! म्हनून ते चार दिवस मी पोरीले हटकून वावरात न्यायची. ती म्हने, "आई, पोटात कोनी पिळून राह्यलं वं." मी म्हनत होती, "बाईच्या जातीले सोसाच लागते. तुहंच काय नवलाचं?" नववीपासून हेच. मले नखरे वाटत होते तिचे.

यंदा इंटरची, म्हंजे बारावीची, परीक्षा तोंडावर आली अन् पोरगी वेचता वेचता आडवी झाली. ओकली, ओठ पांढरे फट्ट. तवा माहं काळीज हाललं. तिच्या बापाले न विचारताच आमच्या तामसी गावाहून बस धरली अन् तिले आदिलाबादले डॉक्टरीनबाईकडं नेलं.

सोनोग्राफी झाली. डॉक्टरीन तेलुगू बोले. पोरगी तेलुगू शाळेत शिकलेली, तीच मले मराठीत सांगे. जिचं दुखनं तिनंच आईले समजवाचं! अंडाशयावर जुन्या रक्ताची गाठ हाये म्हने. गाठ आयकली अन् मी मधातच इचारलं, "कॅन्सर हाये का वं?" डॉक्टरीननं मान हालवली, नाई. एंडोमेट्रिओसिस म्हनतात. गर्भपिशवीच्या आत अस्तर असते, तसंच कायतरी पिशवीच्या बाहेर वाढते. पाळीत तेही सुजते, रक्त सोडते, पन त्याले बाहेर याले वाटच नाई. म्हनून आतडे पिळल्यावानी दुखते. गोळ्यांनी आराम पडते, नाई पडला तं ऑपरेशन.

"अन् लेकरू?" मी इचारलं. पोरीनं खाली मान घालून इचारलं, मंग मले सांगतलं, "होऊ शकते म्हने. कोनाकोनाले अवघड जाते." इतके वर्ष वाया गेले, तितक्यानंच बिघडलं असन का?

तितक्यात डॉक्टरीन पोरीवर जराशी चिडली. मी बाजारात भाजी इकते, तेवढी तेलुगू मले समजते, पन बोलता येत नाई. इतक्या उशिरा काऊन आली, असं तिनं इचारलं. पोरगी तेलुगूतच तिले म्हने, मी घरी सांगतलंच नव्हतं. अन् मले मराठीत सांगतलं, "काई नाई आई, गोळ्या टायमावर घे म्हनते."

मले तिथं बसवेना. मी मराठीतच बोलली, "बाई, पोरगी खोटं बोलून राह्यली. दर महिन्याले सांगे. मीच तिले वावरात नेत होती."

आई काय म्हनते ते सांग म्हनून डॉक्टरीननं पोरीकडं पाह्यलं. पोरीनं ते काई तेलुगूत सांगतलं नाई.