वीज थांबेना

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करायचे. उरलेला वेळ म्हणजे काय, ते घरात दोन लहान मुलं असणाऱ्या बाईला विचारावं. माझ्या हाती बिस्मथ आणि अँटिमनीच्या मिश्रधातूचा नखाएवढा तुकडा होता. तो खूप थंड केला की त्यातून वीज जाणं जवळजवळ थांबायला हवं होतं. ते थांबत नव्हतं. आत अडलेली वीज वरच्या कातडीवरून वाट काढत असावी, असं दिसायचं. मार्गदर्शक सरांचं एकच पालुपद: पृष्ठभागावर मळ आहे, तो काढा. मळ निघाल्याशिवाय ते प्रबंधावर सही करणार नव्हते.

मी तुकडा आम्लात धुतला, घासला, पुन्हा धुतला. दर खेपेला तो थंड करायला द्रवरूप नायट्रोजन पुण्याहून आणायचा, एसटीत, मांडीवर फ्लास्क घेऊन. त्याचं तोंड घट्ट बंद करायचं नसतं, आत वाफ कोंडते. शेवटच्या खेपेला इंदापूरच्या पुढे माझा डोळा लागला. शेजारी मोहोळच्या एक मावशी बसल्या होत्या. फ्लास्कमधून वाफ निघताना पाहून त्यांनी फडक्याचा बोळा केला आणि तोंडात दाबून बसवला. थोड्या वेळानं फट्‌कन आवाज झाला, बोळा टपाला जाऊन आपटला आणि बराचसा नायट्रोजन लोकांच्या पायांशी धूर होऊन गेला.

"च्या निवंल म्हून घातला की बाई," मावशी म्हणाल्या. "तुमी लई दमलेल्या दिसत हुता."

रागावण्याचंही त्राण माझ्यात नव्हतं.

प्रयोगशाळेच्या मागे यंत्रमाग होते. ते चालू असले की वीज मोजणाऱ्या गॅल्व्हानोमीटरचा प्रकाशाचा ठिपका थरथरायचा. त्या दिवशी मागांना सुट्टी होती. उरल्यासुरल्या नायट्रोजनमध्ये एक मोजमाप झालं. तुकडा घासून घासून पापडासारखा पातळ झाला होता, तरी थंडीत वाहणारी वीज तेवढीच. मळ असता तर एव्हाना गेला असता. हा त्या धातूचाच गुण आहे, अशी माझी खात्री पटली.

सरांनी आलेख पाहिला आणि आणखी एकदा घासून आणायला सांगितलं.

"आता घासलं तर तुकडाच उरणार नाही, सर."

"मग दुसरा पदार्थ घ्या," ते शांतपणे म्हणाले.

इतक्या वर्षांचं काम त्या एका वाक्यात गेलं. मी बरं म्हटलं. वाईट वाटलं, पण ते घरी आल्यावर. त्या क्षणी मनात एवढंच आलं, की आता पुण्याला जायला नको.